एक डोंगर, दोन समुद्र



या अंकासाठी गुरुजींनी 'आपल्या डोंगरदऱ्यांतील पाहण्यासारखी ठिकाणे' हा विषय दिला. सगळ्यांना वाटलं, सोपा विषय आहे. ठिकाणांची नावं लिहायची, 'तेथील दृश्य मनोहर आहे' असं लिहायचं, की झाला लेख. पण माझ्या डोक्यात मामाचा एक प्रश्न बसला होता. म्हणून मी ही ठिकाणं त्या प्रश्नाच्या मागे मागे जाऊन पाहिली. तेच इथे सांगते.

मामाचा प्रश्न

माझा मामा संग्रामपूर तालुक्यात राहतो. आपण घाटावरचे, तो घाटाखालचा. यंदा राखीला तो आमच्याकडे आला. मामाला दोन वर्षांपासून किडनीचा आजार आहे. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला जावं लागतं. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे. आईने आमच्या विहिरीचं पाणी दिलं. मामा अर्धा गिलास प्याला आणि म्हणाला, "ताई, तुह्या इथलं पानी लय गोड हाय वं."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाची, तू तं सातवीत हायेस. मले एक सांग. तुमच्या घाटावरचा पाऊस वाहून आमच्याच इकडे येते. मंग तुमचं पानी गोड अन् आमच्या हातपंपाचं पानी खारं काहून?"

मला उत्तर आलं नाही. मामाच्या गावाला मी दर उन्हाळ्यात जाते. तिथे साबणाला फेस येत नाही. डाळ शिजता शिजत नाही. हे सगळं मला माहीत होतं, पण 'काहून' ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न वर्गात विचारला. गुरुजी म्हणाले, "याचं उत्तर पुस्तकात बसून मिळेल, पण चालून पाहिलं तर जास्त चांगलं कळेल." आणि आमची सहल ठरली.

घाटावर आणि घाटाखाली

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे घाटावरचे. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखालचे. आपल्याकडे नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "घाटावरचे का घाटाखालचे?" वऱ्हाडात पूर्वीपासून वरच्या भागाला बालाघाट आणि खालच्या भागाला पायनघाट म्हणतात.

मधला घाट म्हणजे अजिंठ्याचे डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. त्याचा काळा दगड झाला. त्याला बेसॉल्ट म्हणतात. म्हणून आपले डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगाने पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. या डोंगराची एक गंमत आहे. उत्तरेकडून पाहिलं तर तो भिंतीसारखा उभा आहे, आणि दक्षिणेकडे हळूहळू उतरत जातो. बुलढाणा शहर या भिंतीच्या माथ्यावरच आहे, म्हणून तिथे उन्हाळ्यातही खालच्या गावांपेक्षा गारवा असतो.

आता आपल्या दोन पाखी टिनाच्या घराचं छप्पर डोळ्यांपुढे आणा. मधोमध आढं असतं. आढ्यावर पाऊस पडला की अर्धं पाणी पुढच्या अंगणात आणि अर्धं मागच्या परड्यात जातं. दोन थेंब शेजारी-शेजारी पडले, तरी एक इकडे आणि एक तिकडे. अजिंठ्याचा डोंगर हे आपल्या जिल्ह्याचं आढं आहे. भूगोलात त्याला जलविभाजक म्हणतात.

बुधनेश्वर : उडी मारून ओलांडलेली नदी

सकाळी सात वाजता आमची एस.टी. निघाली. पहिलं ठिकाण होतं बुलढाणा तालुक्यातलं मढ गावाजवळचं बुधनेश्वर. इथे महादेवाचं देऊळ आहे आणि इथेच पैनगंगा नदी उगम पावते. श्रावण असल्यामुळे सगळीकडे हिरवंगार होतं. तरोटा कमरेपर्यंत वाढला होता. सीताफळाच्या झाडांना लहान लहान फळं लागली होती.

मला वाटलं होतं, उगम म्हणजे मोठा धबधबा असेल. प्रत्यक्षात तो एक ओहळ होता. पाचवीतल्या पोरांनी उडी मारून तो ओलांडला आणि "आम्ही पैनगंगा पार केली!" म्हणून ओरडू लागले. गुरुजी हसले. म्हणाले, "हीच नदी पुढे यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. तिथे सहस्रकुंडाजवळ ती कड्यावरून खाली कोसळते. तिथे उडी मारून दाखवा बरं!"

पैनगंगेचा प्रवास असा आहे. बुलढाणा शहराजवळ येळगावच्या धरणात तिचं पाणी अडवलं आहे आणि तेच बुलढाण्याला प्यायला मिळतं. पुढे ती मेहकरला जाते. नंतर वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड हे जिल्हे करत चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे ज्या पाण्यात आम्ही पाय बुडवले, ते पूर्वेच्या समुद्राला निघालं होतं.

राजूर घाट : भिंतीवरून खाली पाहताना

दुपारी आम्ही बुलढाण्याहून मलकापूर रस्त्याने राजूर घाटात आलो. आमच्या पाण्याच्या बाटल्या तोपर्यंत रिकाम्या झाल्या होत्या. एक बाटली पुरेल असं सगळ्यांना वाटलं होतं, ते चुकलं. बाईंनी मोठा कॅन आणला होता म्हणून निभावलं.

घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की जमीन एकदम खाली जाते. समोर पूर्णेचं खोरं पसरलेलं दिसतं. कपाशी, सोयाबीन, तूर यांची शेतं चौकोनी गोधडीसारखी. पाऊस पडून आकाश स्वच्छ झालेलं होतं, म्हणून अगदी लांब उत्तरेला एक निळी रेघ दिसत होती. गुरुजी म्हणाले, "तो सातपुडा." मी म्हटलं, "म्हणजे माझ्या मामाचं गाव या दोन डोंगरांच्या मधे आहे."

घाटाच्या या बाजूला पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून उत्तरेकडे धावतो आणि पूर्णेला मिळतो. पूर्णा मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते. अमरावती, अकोला आणि आपला जिल्हा ओलांडून ती जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. म्हणजे हे पाणी पश्चिमेच्या समुद्राला निघालं.

सकाळचा ओहळ पूर्वेला, दुपारचा नाला पश्चिमेला. डोंगर एकच. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, मी आढ्यावर बसून दोन्हीकडे थुंकलो तर?" सगळे हसले. गुरुजींनी त्याला पालकांना दाखवण्यासाठी जिल्ह्याचा नकाशा काढायला सांगितला. तो नकाशा या भित्तिपत्रकाच्या खालच्या कोपऱ्यात लावला आहे, तो जरूर पाहा.

जाता जाता एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. आपल्या जिल्ह्यात पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. घाटाखालची पूर्णा तापीला मिळते. घाटावर देऊळगावराजा आणि सिंदखेडराजा भागात खडकपूर्णा आहे. तिच्यावर संत चोखामेळा सागर हे धरण आहे. ती गोदावरीला जाते. परीक्षेत दोघींची गल्लत करू नका.

ज्ञानगंगेचं रान आणि चालणारा वाघ

बुलढाण्याहून बोथ्यावरून खामगावला जाताना घाट उतरतो, तो रस्ता रानातून जातो. हे ज्ञानगंगा अभयारण्य. १९९७ साली ते जाहीर झालं आणि त्याचं क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. साग, सालई, धावडा, पळस अशी झाडं आहेत. अस्वल, बिबट, रोही, रानडुक्कर आणि मोर आहेत. उन्हाळ्यात झाडांची पानं गळतात आणि रान उघडं पडतं, पावसाळ्यात दहा पावलांवरचं दिसत नाही.

याच रानात एक पाहुणा आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये तिथून निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून तो कुठे जातो हे वनखात्याला कळत होतं. नद्या-नाल्यांच्या काठाने, शेतांतून, रस्ते ओलांडून, तेलंगणात जाऊन परत महाराष्ट्रात येत तो पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालला आणि डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगेत पोहोचला. त्याला राहायला जागा आणि जोडीदार हवा होता, असं जाणकारांनी सांगितलं. आपण सहलीत चार किलोमीटर चाललो तर पाय दुखतात म्हणतो.

वाघ नाल्यांच्या काठाने का चालला? कारण तिथे झाडी असते, सावली असते आणि पाणी असते. म्हणून नाल्याकाठची झाडं तोडू नयेत. ती केवळ नाल्याची झाडं नसतात, जनावरांची वाटही असते.

लोणार : कुठल्याच समुद्राला न जाणारं पाणी

मामाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला लोणारला सापडलं. तिथे आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो, पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

लोणारचं सरोवर उल्का पडून झालं आहे. काळ्या बेसॉल्ट दगडात उल्केच्या आघाताने झालेलं असं विवर जगात फार दुर्मिळ आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून ते सुमारे १५० मीटर खोल आहे. त्याचं वय किती, याबद्दल शास्त्रज्ञांत दोन मतं आहेत. एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं येतं, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. आपली आजी सांगते की लोणासुर नावाचा दैत्य तिथे राहायचा आणि विष्णूने त्याला मारलं. त्या कथेवरूनच गावात दैत्यसूदनाचं सुंदर कोरीव देऊळ आहे. विवराच्या आत कमळजा देवीचं देऊळ आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्याच्या आधी अकबराच्या काळातल्या ऐने-अकबरीतही लोणारचा उल्लेख आहे. २०२० साली लोणारला रामसर पाणथळ म्हणून जगाच्या यादीत जागा मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तसा रंग आला.

आता मुद्द्याची गोष्ट. विवराच्या काठावर गोमुखातून गोड पाण्याची धार बारमाही वाहते. पण तीच धार, आणि पावसाचं पाणी, तळाशी सरोवरात जाऊन खारं होतं. हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. त्यात पूर्वी मासे जगत नसत. असं का? कारण विवर वाडग्यासारखं आहे. पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षं असं चाललं आहे. पूर्वी तिथला खार गोळा करून विकला जात असे.

घाटावरचं पाणी दोन समुद्रांना जातं हे आपण पाहिलं. लोणारचं हे तिसरं पाणी कुठल्याच समुद्राला जात नाही.

मग मामाच्या गावचं पाणी खारं काहून?

सहलीनंतर बाईंनी फळ्यावर खोऱ्याचं चित्र काढून समजावलं. पूर्णेचं खोरं म्हणजे दोन डोंगरांच्या मधला खचलेला भाग. लाखो वर्षं नद्यांनी त्यात गाळ आणून टाकला. काही ठिकाणी हा गाळ शेकडो फूट खोल आहे. या गाळातच क्षार आहेत. वरची काळी माती चिकण आहे. ती पावसात फुगते आणि पाणी सहज खाली जाऊ देत नाही. जे थोडं मुरतं तेही खालून लवकर वाहून जात नाही. पाऊस बेताचा, ऊन कडक. मग क्षार धुऊन निघतील कसे? ते जमिनीखालीच राहतात आणि विहिरीत, हातपंपात येतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या या भागाला खारपाणपट्टा म्हणतात.

बाई म्हणाल्या, "लोणार आणि खारपाणपट्टा एकसारखे नाहीत, हे लक्षात ठेवा. पूर्णा नदी वाहती आहे, तिचं पाणी समुद्राला जातं. पण जमिनीखालचं पाणी अडून राहतं. तेवढ्यापुरतं साम्य आहे."

म्हणजे मामाचं म्हणणं खरं होतं. आपलाच गोड पाऊस त्यांच्याकडे जातो. पण तो वरून वाहून निघून जातो, आणि हातपंपात येतं ते खालचं जुनं पाणी.

मी बाईंना विचारलं, "मामाचा आजार या पाण्यानेच झाला का?" बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एकट्या माणसाबद्दल असं सांगता येत नाही. किडनीच्या आजाराची कारणं पुष्कळ असतात. पण खारपाणपट्ट्यात किडनीचे आजार हा मोठा प्रश्न आहे. म्हणून तिथे प्यायला गोड पाणी मिळणं फार जरुरीचं आहे."

सातपुड्याचा पायथा

मामाच्या गावाहून उत्तरेला गेलं की सातपुडा लागतो. तिथे अंबाबारवा अभयारण्य आहे. तेही १९९७ सालचं, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं, आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. जळगाव जामोद तालुक्यात मैलगड किल्ला आहे. या डोंगरांत कोरकू, भिलाला, निहाल लोकांची गावं आहेत.

नवल म्हणजे सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी विहिरींचं पाणी गोड असतं. तिथे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि जाड वाळूचा पट्टा आहे. त्यात पाणी भराभर मुरतं आणि पुढे सरकतं. तिथे संत्र्याच्या बागा होतात. थोडं दक्षिणेला चिकण गाळ लागला की पाणी खारं. डोंगरातल्या वान नदीवर धरण आहे. त्या धरणाचं गोड पाणी नळयोजनेने खाऱ्या भागातल्या गावांना दिलं जातं. पण नळ रोज येत नाही, असं मामी सांगते. नळ आला नाही की परत हातपंप.

डोंगरात जाताना

१) अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये. एकट्याने तर मुळीच नाही. गावचा माहीतगार माणूस बरोबर घ्यावा.

२) प्रत्येकाने दोन बाटल्या पाणी घ्यावं. आमची चूक तुम्ही करू नका.

३) पावसाळ्यात नाल्यात उतरू नये. आपल्याकडे ऊन असतं, पण वर डोंगरात पाऊस पडत असतो. नाला बघता बघता भरतो. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत असाच मोठा पूर आला होता.

४) आग्यामोहोळ असलेल्या कड्याखाली आरडाओरडा, धूर करू नये. दगड मारू नये.

५) लोणारच्या पाण्यात उतरू नये, तिथला दगड खिशात घालू नये.

६) प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणाव्यात. उगमावर टाकलेली पिशवी पुढे किती जिल्हे फिरेल, याचा हिशोब करा.

घरी करून पाहा

एका ताटात मातीचा लांबट डोंगर करा. माथ्यावर झारीने पाणी घाला. पाणी कुठे फुटतं ते पाहा. मग एका वाटीत चिमूटभर मीठ घातलेलं पाणी चार दिवस उन्हात ठेवा. पाणी जाईल, मीठ राहील. लोणार कसं खारं झालं, ते तुम्हाला वाटीत दिसेल.

मामाला उत्तर

मी मामाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाला, "म्हंजे गोड पानी आमच्या डोक्यावर पडते, अन् आमी पायाखालचं खारं उपसतो." मी म्हटलं, "हो मामा. म्हणून टिनावरचं पाणी पन्हाळी लावून टाकीत धरा. पहिल्या पावसाचं सोडून द्या, टाकी झाकून ठेवा आणि पिण्याआधी पाणी उकळा. गुरुजींनी सांगितलं आहे." मामा म्हणाला, "लावतो. मामीले अन् पोरायले तं कामी येईन. तू दिवाळीले ये, टाकी दाखवतो."

पालकहो, आपल्या घाटावरही एप्रिल-मे महिन्यात विहिरी तळाला जातात आणि आपण टँकरची वाट पाहतो. आपण आढ्यावर राहतो, म्हणून आपल्याकडे पडलेलं पाणी सगळ्यात आधी निघून जातं. ते बांधावर, शेततळ्यात आणि नाल्यात थोडं थांबवलं तर आपल्यालाही पुरेल आणि खाली जाईल तेही सावकाश जाईल. आपल्या शाळेच्या छपराला अजून पन्हाळी नाही. पुढच्या पालकसभेत हा विषय घ्यावा, अशी आमच्या वर्गाची विनंती आहे.

सांगा पाहू : आपल्या गावच्या नाल्याचं पाणी कोणत्या समुद्राला जातं? उत्तर कागदावर लिहून वर्गाच्या पेटीत टाका. बरोबर उत्तरांची नावं पुढच्या अंकात लावू.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी